दोष कुणाचा?

यंत्रांचे आणि माझे सूत कधी जुळले नाही. मराठी विशेष घेतलेल्या मुलाने यंत्राच्या वाटेला जाऊच नये, असे माझे ठाम मत! पण आमचे घर पडले दिघीत. शेजारी भोसरीची एमआयडीसी, आणि वडील तर जन्मभर मिलिंग मशीनपुढे उभे राहिलेले. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी पहिली खरेदी केली तीही एका छोट्या, जुन्या मिलिंग मशीनची. "इतकी वर्षं करून हौस फिटली नाही वाटतं!" आई म्हणाली. अण्णा नुसते हसले, आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा नवा संसार सुरू झाला.

एका रविवारी ते शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या शाफ्टात चावीची खाच पाडत होते. मी दाराशी पुस्तक घेऊन बसलो होतो. ६ मिलिमीटरचा कटर शांतपणे पोलाद कापत होता. एकाएकी मोटारीचा आवाज चढला, कटर किंचाळला आणि काडकन मोडला. त्याचा तुकडा माझ्या पायाशी येऊन पडला.

अण्णांनी घाईघाईने गतीचा नॉब शून्यावर आणला आणि मग बटण बंद केले. त्यामुळे नॉब मुळात कुठे होता, हे कुणालाच सांगता येईना. वर्षभरापासून अण्णांच्या उजव्या हाताला किंचित कंप आहे. त्या हाताकडे पाहत ते म्हणाले, "माझाच धक्का लागला असेल."

तीन दिवसांनी पुन्हा तसेच झाले. दुसरा कटर गेला. अण्णांनी शेडला कुलूप घातले. एक दुरुस्तीवाला आला, नॉब दोनदा फिरवला आणि झाकणही न उघडता "कार्ड गेलं" म्हणून मोकळा झाला. नव्या कार्डाची किंमत ऐकून आईने चहा ठेवायचा बेत रद्द केला!

त्याच सुमारास माउलींची पालखी आळंदीहून निघून दिघीवरून पुण्याला गेली. दरवर्षी रस्त्यावर उभे राहून वारकऱ्यांना चहा देणारे अण्णा त्या दिवशी घरातच बसून होते. "कप सांडतील माझ्या हातून," म्हणाले. मशीन बिघडल्याचे मला काही विशेष वाटले नव्हते. हे मात्र फार लागले. त्या रात्री मी म्हणालो, "अण्णा, एकदा आपण दोघं बघू या का? तुम्ही सांगा, मी करतो."

अण्णांनी दोन अटी घातल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि जे दिसेल ते वहीत लिहायचे. तिसरी अट न सांगताच पाळायला लावली : हात लावण्यापूर्वी प्लग काढून पाच मिनिटे थांबायचे, कारण असल्या कार्डात नॉबच्या बारीक तारांतही घरच्या विजेचा दाब असू शकतो.

मोटारीची गती हवी तशी राखण्यासाठी १८९१ च्या सुमारास अमेरिकेत वॉर्ड लिओनार्ड यांनी जी पद्धत काढली, तिच्यात एका मोटारीसाठी दुसरी मोटार आणि जनित्र लागत असे. १९५७ मध्ये थायरिस्टर आला आणि पुढे तेच काम तळहाताएवढ्या कार्डावर होऊ लागले. विजेच्या प्रत्येक लाटेतला किती भाग मोटारीला द्यायचा, हे थायरिस्टर पाहतो. किती द्यायचा, हे त्याला नॉब सांगतो.

अण्णांनी मोटारीच्या दोन तारा सोडवायला लावल्या आणि त्या जागी १०० वॅटचा बल्ब जोडायला सांगितला. एलईडी चालत नाही. तो आतल्या आत आपला उजेड सांभाळून घेतो. माळ्यावर जुना तारेचा बल्ब सापडला. नॉब फिरवला, तसा बल्ब मंद झाला, प्रखर झाला, पुन्हा मंद झाला. म्हणजे कार्ड गेलेले नव्हते! मी आनंदाने पाहिले, तर अण्णांचा चेहरा उतरलेला. "मग हातच चुकला," ते म्हणाले.

मला झोप आली नाही. वही काढून वाचत बसलो. कवितेच्या तासाला सर सांगतात ना, एकच शब्द पुन्हा पुन्हा येत असेल तर तिथे थांबा. मी थांबलो. मशीन नुसते फिरत असताना एकदाही बिघडले नव्हते. दोन्ही वेळा कटर धातूत होता. कटर धातूत असला की अख्खे मशीन थरथरते. आमचा बल्ब मात्र निवांत जळत होता.

सकाळी पुन्हा बल्ब जोडला, मंद ठेवला, आणि कोरड्या लाकडी मुठीने नॉबशेजारच्या पत्र्यावर टकटक केली. चौथ्या ठोक्याला बल्ब भक्कन पेटला. नॉबला कुणाचाच हात नव्हता.

प्लग काढला. नॉबच्या तीन तारा कार्डापासून सोडवून मल्टिमीटर लावला. कडेच्या दोन तारांमध्ये ५ किलोओहम दिसायला हवे होते, तसे दिसले. पण खालची तार बोटाने हलवताच आकडा नाहीसा झाला. डागाच्या अगदी मानेपाशी, वरचे आवरण शाबूत असताना, आतली तांब्याची तार तुटलेली होती. नॉब म्हणजे पाण्याची टाकी समजा : वरून पाणी येते, खालून जाते, आणि मधली पातळी कार्ड वाचते. खालची वाट बंद झाली की टाकी काठोकाठ भरते. मग कार्डाला वाटते, मालकाने पूर्ण गती मागितली!

वीतभर तार, दोन डाग आणि तार हलू नये म्हणून एक पट्टी. एवढीच दुरुस्ती. डाग मी दिले. ते ओबडधोबड झाले, पण अण्णांनी पुन्हा करायला लावले नाहीत.

नंतर त्यांनी स्वतः व्हाइसमध्ये शाफ्ट बांधला. नॉबकडे गेलेला हात थोडा थरथरत होता. गती ठरली, हात बाजूला झाला, कटर धातूत शिरला. आवाज शेवटपर्यंत चढला नाही. खाच पुरी झाल्यावर अण्णांनी तिच्यावरून बोट फिरवले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पुढच्या वर्षी पालखीला चहाची मोठी किटली काढा म्हणावं आईला."