बाबांच्या खात्यावर

आई ऑफिसच्या वेळेत कधी फोन करत नाही. त्यामुळे मागच्या ऑगस्टमध्ये एका मंगळवारी दुपारी तिचं नाव स्क्रीनवर दिसलं, तेव्हा माझ्या मनात आधी आजीच आली. मी जिन्यात जाऊन फोन घेतला.

"शाळेतून निरोप आलाय. पालकांना घेऊन ये म्हणून."

"काय केलं त्याने?"

आई गप्प. मग शेजारी कुणी ऐकत असल्यासारखा आवाज खाली आणून म्हणाली, "बिडीकाडी."

माझा धाकटा भाऊ नववीत आहे, म्हसळ्याच्या एका हायस्कुलात. आमचं गाव तिथून थोडं आत आहे. मी पनवेलला नोकरी करते. आमच्या दोघांत दहा वर्षांचं अंतर असल्यामुळे मी त्याची बहीण कमी आणि दुसरी आई जास्त. त्याला सायकल मी शिकवली, पाढे मी पाठ करून घेतले. त्यामुळे आईने फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा राग आला तो माझाच. आपण इथे निघून आलो म्हणून हे झालं, असं वाटलं.

संध्याकाळपर्यंत गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली होती. 'नववीतील चार विद्यार्थी शाळेमागे सिगारेट ओढताना सापडले. पालकांनो, लक्ष द्या.' खाली हात जोडलेले इमोजी. रात्री आठपर्यंत सिगारेटचा गांजा झाला होता आणि चाराची सात मुलं. कुणी तरी लिहिलं, 'आजकालची पिढी मोबाईलमुळे बिघडली.' लिहिणारा माझ्या ओळखीचा होता. त्याच्या तोंडात तंबाखूचा बार नाही असं मी त्याला कधी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली. माणगाव सोडलं की पुढे घोणसे घाट लागतो, आणि त्या वळणांवर मला लहानपणापासून मळमळतं. त्या दिवशी पोटात ढवळत होतं ते नुसतं घाटामुळे नव्हतं.

शाळेत बाबा माझ्याआधी पोचले होते. गवंडीकामाच्याच कपड्यांत, हातावर सिमेंट वाळलेलं. धाकटा भिंतीला टेकून खाली बघत उभा होता. सर शांतपणे बोलले. मुलाला शाळेतून काढणार नाही, पण घरातून मदत हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. मग त्यांनी बाबांना विचारलं, "तुम्हाला काही कल्पना होती का?"

बाबांना उत्तर देता येईना, कारण त्यांच्या तोंडात तंबाखू होती. त्यांनी हाताने 'एक मिनिट' अशी खूण केली, बाहेर गेले, गेटपलीकडे थुंकले, नळावर चूळ भरली आणि परत येऊन म्हणाले, "नाय सर. आमच्या घरात असलं काय नाय."

गेटवर फलक होता. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला मनाई आहे, असं त्यावर लिहिलेलं. सर काही बोलले नाहीत. मीही फलकाकडे बघत राहिले. धाकट्याने मात्र पहिल्यांदा मान वर केली आणि बाबांकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. तिच्यात उद्धटपणा नव्हता. गणित चुकलंय हे दिसत असूनही बाईंना सांगायचं कसं, हे न कळलेल्या मुलासारखा त्याचा चेहरा होता.

गावात आल्यावर बाबा घरी न जाता तडक वाडीच्या तोंडाशी असलेल्या टपरीवर गेले. धाकट्याने सरांना सांगितलं होतं की सिगारेट तिथून घेतली. मी त्यांच्या मागे धावले.

"पोराला सिगारेट दिलीस? लाज नाय वाटत?"

टपरीवाले काका बाबांच्याच वयाचे, लहानपणी एकत्र विटीदांडू खेळलेले. ते चिडले नाहीत. त्यांनी फळीखालून उधारीची वही काढली, बाबांच्या नावाचं पान उघडलं आणि आमच्यासमोर धरलं. पान भरलेलं होतं. पु. १, पु. २, पु. १, चुना. पु. म्हणजे पुडी. आणि जूनच्या मध्यापासून अधूनमधून, त्याच अक्षरात, सु. १. सुट्टी सिगारेट. मी मोजल्या. सात होत्या.

"रोज तोच येतो तुझी पुडी न्यायला," काका म्हणाले. "मला वाटलं, कामावर कुणी माणूस असेल सिगारेटवाला. तुझ्याच खात्यावर लिहायला सांगितलंन. मी कसं नाय म्हणू?"

बाबा त्या पानाकडे बघत राहिले. खाली बसून त्यांनी खिशातून पैसे काढले आणि सगळी उधारी चुकती केली. काका सिगारेटचे पैसे वगळायला लागले, तर बाबा म्हणाले, "धर. माझ्याच खात्यावरचं हाय ना ते."

घरी जाताना माझ्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. आमच्या बाजूला राहणाऱ्या कुणालाही ती तारीख सांगावी लागत नाही. घरावरचे पत्रे उडाले, सुपारीच्या बागा काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या, वीज कित्येक दिवस नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अर्धं छप्पर नसलेल्या घरात बसलो होतो. बाबांच्या हाताला सुचत नव्हतं. ते म्हणाले, "एक पुडी मिळाली असती तर डोकं चाललं असतं." नऊ वर्षांचा धाकटा उठला, पडलेल्या झाडांच्या खोडांवरून उड्या मारत गेला आणि कुणाकडून तरी पुडी घेऊन आला. आम्ही सगळे हसलो. वादळानंतर पहिल्यांदा. आजीने त्याची दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. मी म्हणाले, "शूर आहे रे माझा भाऊ."

मी म्हणाले होते हे.

त्या रात्री मी फोनवर कायदा वाचत बसले. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा, कोटपा म्हणतात तो. त्यातल्या कलम ६ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकता येत नाही. वडिलांसाठी नेतोय, असं म्हटलं तरी नाही. दंड मात्र दोनशे रुपयांपर्यंत. पण २०१५ च्या बालन्याय कायद्याचं कलम ७७ वाचून मी उठून बसले. मुलाला तंबाखू देणं किंवा द्यायला लावणं, यासाठी सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. सुटी सिगारेट आणि बिडी विकायला तर आपल्या राज्यात सप्टेंबर २०२० मध्येच बंदी आली. गुटख्यावरची बंदी त्याहूनही जुनी, २०१२ ची. कायद्यांची कमतरता नाही. कायदा आमच्या टपरीपर्यंत येतो, पण तिथून पुढे घराच्या ओटीवर चढत नाही. कारण ओटीवर कोण बसलंय? बाबा आणि आजी.

आकडे बघितले, तर तेही हेच सांगत होते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. त्यात धूर काढणारे फक्त ३.८ टक्के. चघळणारे, घासणारे, गालात धरणारे २४.४ टक्के. म्हणजे ग्रुपवर ज्या सिगारेटची बातमी झाली, ती आपल्याकडच्या तंबाखूचा अगदी लहान तुकडा. २०१९ मध्ये देशभरातल्या १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांची पाहणी झाली, तेव्हा ८.५ टक्के मुलं तंबाखू वापरत होती. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या मुलांपैकी ५२ टक्क्यांनी दहावा वाढदिवस होण्याआधीच सुरुवात केली होती. सिगारेटवाल्यांमध्ये हेच प्रमाण ३८ टक्के. दहा वर्षांच्या आत. त्या वयात मूल बिघडायला बाहेर कुठे जाणार? ते घरातच असतं.

आमच्या घरात मशेरी भाजली की सगळे खोकत बाहेर पळतात. आजी चुलीवर तवा ठेवते, त्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजते, मग चुरते. सकाळी एकदा, दुपारी जेवणानंतर एकदा, रात्री एकदा ती बोटाने दातांना लावत बसते. चुरायचं काम लहानपणी माझ्याकडे होतं. मी पनवेलला आल्यावर ते धाकट्याकडे गेलं. दुसऱ्या दिवशी मी आजीला म्हणाले की ही पण तंबाखूच आहे. ती दुखावली. "मी खाते काय? दात घासते. तुझ्या आजोबांसारखी बिडी तर नाय ना ओढत."

आजोबा कशाने गेले हे आमच्या घरात 'छातीच्या दुखण्याने' एवढंच सांगतात.

तिचंही मला कळतं. भातलावणीच्या दिवसांत पहाटेपासून चिखलात वाकलेल्या बाईला भूक मारायला दुसरं काय होतं? बाबा उन्हात भिंत चढवताना दुपारचं जेवण पुढे ढकलतात ते तंबाखूच्या जोरावर. आमच्याकडे ती चैन म्हणून आली नाही, कामाबरोबर आली. म्हणूनच तिला कुणी व्यसन म्हणत नाही. व्यसन म्हणजे दुसऱ्याचं पोर जे करतं ते.

रात्री लाईट गेली होती. धाकटा ओटीवर एकटा बसला होता. घरात दोन दिवस त्याच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. 'कुणी शिकवलं' हा एकच प्रश्न त्याला दहा जणांनी विचारला होता. मी शेजारी बसले आणि विचारलं, "आवडते का तुला?"

"घाण लागते," तो म्हणाला. "नंतर पेरूची पानं चावायची. ती पण कडू."

"मग?"

बराच वेळ तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. "ती पोरं म्हसळ्यातली आहेत, ताई. मी गावातून येतो. माझ्याकडे पैसे नसतात. पण माझ्याकडे खातं होतं." मग म्हणाला, "खातं आहे कळल्यावर मला बोलवायला लागले."

मला काही बोलता येईना. आणि तेवढ्यात त्याने विचारलं, "तू ओढलीस कधी?"

नाही, हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. आई दाराआड उभी असणार हेही माहीत होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून ऑफिसच्या चहाच्या ब्रेकपर्यंत, कधी मैत्रिणीची अर्धी, कधी स्वतःची. मुलगी असल्याने माझ्यावर कुणी संशय घेतला नाही, ग्रुपवर माझी बातमी आली नाही. मी म्हणाले, "हो. मागच्या आठवड्यात पण."

दाराआड बांगड्या वाजल्या. आई काही बोलली नाही. त्या रात्री नाही, अजूनही नाही. कधी तरी बोलेल. पण धाकट्याने माझ्याकडे पाहिलं आणि शाळेतली ती नजर त्याच्या चेहऱ्यावर नव्हती. "मग आपण दोघं बंद करू," तो म्हणाला. जसा एखादा खेळ ठरवावा तसा.

प्रत्येक पाकिटावर, पुडीवर एक नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. तंबाखू सोडण्यासाठी मोफत सल्ला देतात. मी तो शंभर वेळा पाहिला असेन, वाचला पहिल्यांदा. पनवेलला परतल्यावर मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, कधी ओढावीशी वाटते? मी म्हणाले, चारचा चहा. तिने चहाची वेळ आणि जागा बदलायला सांगितली. इतकं साधं. तीन महिन्यांत मी दोनदा घसरले. दोन्ही वेळा धाकट्याला सांगितलं. तो एकदा घसरला, त्यानेही सांगितलं.

आजीला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेऊन तोंड तपासून आणलं. सध्या काही नाही, पण दर सहा महिन्यांनी दाखवा, असं सांगितलं. मशेरी सुटलेली नाही. आता ती स्वतः चुरते.

बाबांची तंबाखूही सुटलेली नाही. त्यांनी वचन दिलं नाही, आम्ही मागितलं नाही. त्यांनी फक्त एक केलं. टपरीवर जाऊन खातं बंद केलं आणि काकांना सांगितलं की आमच्या पोराच्या हातात काही द्यायचं नाही, माझं असलं तरी. पुडी हवी असेल तर आता ते स्वतः उठून जातात, रोख देऊन आणतात. कामावरून दमून आल्यावर दर वेळी उठायचा कंटाळा येतो, त्यामुळे दिवसाच्या तीन पुड्यांची एक झाली आहे.

परवा परतीचा पाऊस झोडपत होता. रात्री धाकट्याचा मेसेज आला.

'ताई, बाबा छत्री घेऊन दारापर्यंत गेले. पाऊस बघून परत आले. आता आईकडे बडीशेप मागतायत.'