वेचलेली माणसं

भाजी वेचून टोपलीत, माणसं वेचून नगरात. उत्तर थायलंडातल्या चियांग माई शहराच्या इतिहासातला एक अख्खा काळ या ओळीने ओळखला जातो, आणि हल्ली पालेभाजी निवडायला बसले की ही ओळ माझ्याआधी तिथे येऊन बसलेली असते. तिचा अर्थ कळायला कठीण नाही. तिच्याबद्दल काय वाटून घ्यायचं, हे ठरवणं कठीण जातंय.

घडलं ते असं. राजा मंगरायने १२९६ साली हे शहर वसवलं आणि लान्ना राज्याची राजधानी केली. १५५८ मध्ये ते ब्रह्मदेशाच्या राजाकडे गेलं आणि पुढे दोनशेहून अधिक वर्षं त्या सत्तेखाली राहिलं. सयामच्या मदतीने ती सत्ता उलथवली गेली खरी, पण त्या लढायांनी शहर इतकं पोखरलं की उरलेसुरले लोकही निघून गेले. वीसेक वर्षं तटाच्या आत रान माजलं. १७९६ साली, म्हणजे स्थापनेला पाचशे वर्षं होत असताना, लांपांगच्या घराण्यातला कावीला तिथे परतला. खंदक होता, देवळं होती, राहायला माणूस नव्हता. त्या मुलखात जमीन मुबलक आणि माणसं थोडी, म्हणून राजे लढायचे ते बहुतेकदा माणसं मिळवायला. कावीलाने उत्तरेला केंगतुंगपर्यंत आणि पश्चिमेला साल्वीन नदीकडे मोहिमा काढल्या. कुठे लढून, कुठे समजूत घालून गावंच्या गावं उठवून आणली. शेती करणाऱ्यांना लांबच्या ओसाड शिवारांत बसवलं. हातात कसब असलेल्यांना मात्र शहराला लागून, खंदक आणि बाहेरचा मातीचा तट यांच्या मधल्या पट्ट्यात जागा दिली. चांदीचं काम करणारे वुआ लायला. त्यांच्या शेजारी, झाडाच्या काळ्या चिकाने बांबूची भांडी मढवणारे केंगतुंगचे ख्युन लोक. आज शनिवारी संध्याकाळी पर्यटक ज्या रस्त्याने रमतगमत खरेदी करतात, तो रस्ता या लोकांच्या वस्तीतून जातो. मीही तिथूनच गेले.

आता ती टोपली. चियांग माईतल्या वारोरोतच्या बाजारात सकाळी पालेभाज्यांच्या जुड्या लागतात. नेच्याचे वळलेले कोंब, भोपळ्याच्या वेलाचे कोवळे शेंडे, छा-ओमचा उग्र वासाचा पाला, बांबूच्या सालीने बांधलेला. यातलं पुष्कळसं मुद्दाम कुणी पेरलेलं नसतं. कुंपणावर, ओढ्याकाठी आपसूक येतं आणि ज्याला दिसेल तो वेचतो. वेचणारा निबर पानं ठेवतो, कोवळी घेतो. शेंडा घेतला की खाली दोन फुटवे येतात, म्हणून वेचण्यात वेलीचं नुकसान नाही असं कोणतीही भाजीवाली सांगेल. म्हण जुळवणाऱ्याच्या मनात हेच होतं का? शेंडा आपण नेला, गाव पुन्हा फुटेल? की त्याला एवढंच म्हणायचं होतं की भाजी जशी सहज हाताला लागते तशी माणसं लागली, आणि टोपली भरली?

मला आणखी एक अडतं. टोपलीतली भाजी त्याच दिवशी रांधली जाते, दुपारपर्यंत राहिली तर कोमेजते. वेचलेली भाजी कुणी पुन्हा लावत नाही. कावीलाने आणलेली माणसं तर रुजली. दोनशे वर्षांनी त्यांच्या पणतवंडांच्या हातात तीच हातोडी आहे. म्हणजे म्हणीतलं चित्र मुळातच चुकलेलं आहे, किंवा ते फक्त टोपली धरणाऱ्याच्या बाजूने खरं आहे. रोप उपटून लावलं, असं कुणी म्हटलं असतं तर मला ते इतकं सलत राहिलं नसतं. त्यात निदान रोपाला पुढे काहीतरी आयुष्य आहे. पण मग वाटतं, ज्याने ही ओळ पहिल्यांदा उच्चारली तो कदाचित वेचला गेलेलाच असेल. आपल्याला कसं आणलं, ते त्याने एका वाक्यात सांगून ठेवलं असेल, आणि विजेत्यांना ते इतकं आवडलं असेल की त्यांनी ते आपलं करून टाकलं. याला पुरावा काही नाही. पण एकदा मनात आल्यावर ओळ पहिल्यासारखी ऐकू येत नाही.

वुआ लायला एका दुकानाच्या ओसरीवर एक गृहस्थ काम करत होते. पुढ्यात राळ भरलेली चौकट, तिच्यावर पत्रा बसवलेला. डाव्या हातात बोथट टोकाचा खिळा, उजव्या हातात लहान हातोडी. एका ठोक्याला खिळा केसभर सरकत होता, दुसऱ्या ठोक्याला आणखी केसभर, आणि पानाची एक शीर पत्र्यातून वर उचलली जात होती. नजर खिळ्याच्या टोकावर नव्हती, थोडी पुढे होती, जिथे शीर जाणार होती तिथे. चांदी महाग झाली, म्हणून आता बरंचसं काम ॲल्युमिनियमवर होतं. पत्रा स्वस्त, हात तोच. त्या हातांचं कौतुक करताना मला मध्येच वाटलं, आपण कावीलाच्या निवडीचंही कौतुक करतोय. त्याने नेमकी कोवळी भाजी वेचली होती.

जवळच याच कारागिरांचं देऊळ आहे, वात श्रीसुफान. देऊळ सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचं. त्याचं दीक्षागृह २००४ पासून वस्तीतल्या कारागिरांनी भिंतीपासून छपरापर्यंत चांदीने आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याने मढवलं. बाहेर गणपतीची मोठी मूर्ती आहे. थायलंडात गणपती कलांचा देव, तिथल्या सरकारच्या ललित कला विभागाच्या बोधचिन्हावरही तोच आहे, त्यामुळे कारागिरांच्या दारी तो असणं साहजिकच. दीक्षागृहाच्या दाराशी मात्र पाटी आहे: जमिनीखाली पवित्र वस्तू पुरलेल्या आहेत, बायकांना आत प्रवेश नाही. शनी शिंगणापूरचा चौथरा २०१६ साली बायकांसाठी खुला झाला तेव्हा वाटलेला आनंद मला अजून आठवतो, म्हणून ही पाटी वाचून मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. ज्यांच्या पूर्वजांना परक्या हातांनी उचलून आणलं, त्यांनी आपल्या हातांनी एक जागा घडवली आणि तिच्या दारात कुणाला थांबवायचं ते स्वतः ठरवलं. हे मला समजून घ्यायचं आहे, पण समजल्याने राग कमी होत नाही.

आणि वेचणारा काही एकटा कावीला नव्हता. त्याच्या कितीतरी आधी ब्रह्मी सैन्याने चियांग माईचे कारागीर उचलून नेले होते. चिकाने मढवलेल्या, कोरीव नक्षीच्या भांड्यांना ब्रह्मदेशात आजही लान्नाच्या लोकांच्या नावावरून ‘युन’ म्हणतात. म्हणजे हीच कला आधी इकडून तिकडे गेली आणि मग तिकडून इकडे आणली गेली. कोण कुणाचं देणं लागतं, याचा हिशेब मी करू पाहिला, पण दोन पिढ्यांपलीकडे जमाखर्च जुळेना.

कावीलाच्या त्या प्रवेशातली एक गोष्ट मला या सगळ्याहून अधिक खिळवून ठेवते. बखरी सांगतात की रिकाम्या शहरात शिरताना राजाच्या पुढे एक लुआ माणूस चालत होता. एका हातात कुत्र्याची दोरी, पाठीवर टोपली. लुआ म्हणजे तिथले डोंगरी लोक, मंगराय यायच्या आधीपासूनचे. भूमी मुळात त्यांची, म्हणून नव्या राजाने त्यांच्या मागून आत यायचं. म्हणजे ज्या शहरात पुढे वेचलेली माणसं भरली गेली, त्यात सगळ्यांत आधी शिरली तीही एक टोपलीच. तिच्यात काय होतं? बियाणं? भाताची शिदोरी? की ती रिकामी होती? मला वाटत राहतं की ती रिकामी असावी. ज्याची जमीन आहे त्याने रिकामी टोपली घेऊन आपल्याच घरात पाहुण्यासारखं पुढे व्हायचं आणि मागून मालक येणार. पण हे माझं झालं. त्या माणसाला त्या दिवशी मान मिळाल्यासारखं वाटलं असेल, हेही तितकंच शक्य आहे. राजाला आपल्या मागे चालवण्याचं भाग्य किती जणांना लाभतं?

लुआ लोकांची आठवण शहराच्या डोक्यावर उभी आहे. दोई सुथेप हा डोंगर. शिखराजवळ सोन्याने मढवलेला स्तूप आहे, पांढऱ्या हत्तीने बुद्धाचा धातू पाठीवरून तिथे नेला अशी कथा आहे, आणि नागांचे कठडे असलेल्या तीनशेहून अधिक पायऱ्या चढून लोक जातात. डोंगराचं नाव मात्र वासुदेव नावाच्या ऋषीवरून आलं, आणि तो ऋषी पू से, या से या नरभक्षक लुआ जोडप्याचा मुलगा. बुद्ध भेटला तेव्हा त्या दोघांनी माणूस खाणं सोडलं, वर्षाला एका रेड्यावर तडजोड झाली. आजही जूनच्या सुमारास डोंगराच्या पायथ्याशी मे हिया गावात रेडा मारतात. अंगात आलेला माणूस कच्चं मांस खातो, आणि झाडाला बुद्धाचं चित्र असलेलं लांब कापड टांगलेलं असतं. वाऱ्याने कापड हललं की बुद्ध आला असं समजतात. अहिंसा सांगणारा बुद्ध रेड्याच्या रक्तासमोर टांगलेला. एकाने दुसऱ्याला हुसकलं नाही, पूर्ण सामावूनही घेतलं नाही. हे मला वुआ लायच्या वस्तीपेक्षा खरं वाटतं, निदान जास्त उघड. कुणाची भूमी होती, हे दर वर्षी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं जातं. पण सांगून झाल्यावर लुआ माणसाला काय मिळतं, ते मी कुणाला विचारलं नाही, आणि कुणाला विचारायचं तेही कळलं नसतं.

डोंगरावर गाडी जाते तो रस्ता क्रूबा श्रीविचाई या भिक्षूच्या शब्दाखातर झाला. नोव्हेंबर १९३४ मध्ये काम सुरू झालं, एप्रिल १९३५ मध्ये पहिली मोटार वर गेली. अकरा-बारा किलोमीटरचा घाट, आणि यंत्रं नाहीत. गावोगावचे लोक आपापली कुदळ आणि आपापला तांदूळ घेऊन आले. त्यांत कारेनसारखे डोंगरातले लोकही होते. गर्दी इतकी झाली की प्रत्येक गावाच्या वाट्याला येणारा तुकडा कमी कमी करावा लागला. इथे कुणी कुणाला वेचलं नव्हतं. माणसं आपण होऊन टोपलीत बसली म्हणायची. बँकॉकच्या धर्मसत्तेने मात्र या भिक्षूला परवानगीविना दीक्षा दिल्याबद्दल पुन्हा पुन्हा अडकवलं. रस्ता झाल्यावरही त्यांना बँकॉकला नेऊन ठेवलं. आज पायथ्याशी त्यांचा पुतळा आहे आणि वर जाणारे लाल गाड्यांचे ड्रायव्हर तिथे हात जोडतात.

त्याच रस्त्याने आणखी वर दोई पुई हे ह्मोंग लोकांचं गाव लागतं. त्यांना कुणी आणलं नाही. ते चीनमधून, लाओसमधून डोंगरांच्या धारेने स्वतः आले. १९६९ साली राजा भूमिबोल यांनी अफूऐवजी फळं आणि भाजी पिकवण्याची राजप्रकल्प योजना सुरू केली. तिच्या मुळाशी इथलीच हकीकत सांगतात: अफूइतकाच पैसा गावठी पीच विकूनही मिळतो, हे राजाला इथल्या एका घराने सांगितलं. आता गावात दुकानांची रांग आहे, भाड्याचे पोशाख घालून लोक फुलांच्या वाफ्यात फोटो काढतात. हे पाहून हळहळणं सोपं आहे. मला ते जमलं नाही, कारण पोशाख भाड्याने देणारी मुलगी कुणाच्या टोपलीत नव्हती. गल्ला तिचा होता.

खाली वारोरोतशेजारी ह्मोंग गल्ली आहे. तिथे जुन्या घागऱ्यांचे गठ्ठे येतात. एका बाईने त्यातला एक माझ्यासमोर उसवला. भांगेच्या झाडाच्या धाग्याचं कापड, मेणाने रेघा काढून निळीत बुडवलेलं, वर लाल-केशरी टाक्यांची पट्टी, आणि इतक्या बारीक चुण्या की उसवल्यावर हातभर कापडाची लांबच लांब पट्टी झाली. घामाने कंबरेजवळची नीळ फिकी झालेली. कात्रीने तिचे चौकोन झाले, पिशव्यांसाठी. शेजारी छापील कापडाचा तागा होता, तीच नक्षी कारखान्यात छापलेली. नवऱ्याकडच्या बायका आता तेच नेसतात, हलकं असतं आणि धुवायला बरं, असं तिने खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं. कुणाची तरी आजी त्या घागऱ्यात चालली होती. मी पिशवी घेतली. ती चांगली आहे, मी ती वापरते.

केंगतुंग आता म्यानमारमध्ये आहे. तिथे ख्युन लोक अजून राहतात. म्हणजे शेंडा नेल्यावर तिथे फुटवे आले, म्हण त्या अर्थाने खरी ठरली. ज्यांच्या गावातून माणसं नेली ते त्या काळाबद्दल काय म्हणतात, त्यांची अशी एखादी ओळ आहे का, हे मला ऐकायचं आहे. सध्याच्या तिथल्या लढाईत ते कधी जमेल सांगता येत नाही. आणि जमलं, तर तिथल्या एखाद्या म्हातारीने मला पहिलाच प्रश्न विचारला की बाई, तू कुठून आलीस, तर मला चियांग माईहून असंच सांगावं लागेल. त्या शहरावर माझा जीव जडला आहे, वुआ लायच्या ठोक्यांसकट, आणि हे तिच्यापासून लपवावं की सांगावं, यावर माझं मन अजून इकडचं तिकडे होतंय.