किती वाजले?

याला भेटा, हा जिआंट-४. फ्रेंचमध्ये या नावाचा अर्थ होतो महाकाय, पण जीव अडकलाय कणांत. एखादा इलेक्ट्रॉन किंवा प्रोटॉन पदार्थातून, क्षेत्रातून कसा जाईल, ते हा संगणक-प्रोग्राम पावलापावलानं चालून दाखवतो. घर जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत. वडील जिआंट-३ फोरट्रान बोलायचे, हा सी प्लस प्लस बोलतो. १९९८ च्या डिसेंबरात कामाला लागला, तो अजून थकलेला नाही.

बोलणं मोजकं. विद्युतक्षेत्र द्यायला गेलात की पावलागणिक चार आकडे तुमच्या हातावर ठेवतो : तीन जागेचे, चौथा वेळेचा. “कण इथे आहे, इतके वाजलेत. आता क्षेत्र सांगा.” त्या चौथ्या आकड्याला साइन लावा, की क्षेत्र हेलकावे खाऊ लागतं. बदलत्या क्षेत्राची किल्ली तीच.

उत्तर सहा आकड्यांतच हवं, आधी चुंबकीय तीन, मग विद्युत तीन. चुंबकीय काही नसेल तर शून्य लिहायचं. जागा कोरी सोडलीत, तर तिथे पडलेला कचराही तो खरा मानतो.

वळण चुंबकाच्या घरचं. चुंबकीय क्षेत्र कणाला वळवतं, ऊर्जा देत नाही. म्हणून “तुमचं क्षेत्र ऊर्जा बदलतं का?” हे तो आधीच विचारून घेतो. आपलं क्षेत्र विद्युत, तेव्हा ठामपणे हो म्हणायचं. शिवाय हिशेबाला सहाऐवजी आठ रकाने द्यायचे, कारण घड्याळ आठव्यात असतं. सहाच दिलेत तर पावलाच्या आत वेळ गोठून राहते.

एककांच्या बाबतीत मानी. व्होल्ट, मीटर न लिहिता नुसता १ टाकलात, तर दर मिलिमीटरला १० लाख व्होल्ट असं समजून मोकळा होतो. मग इलेक्ट्रॉन बाणासारखे सुटतात.

माणसांवर विश्वास अफाट. बदलत्या विद्युतक्षेत्रासोबत चुंबकीय क्षेत्र येतंच, हे मॅक्सवेलनं एकोणिसाव्या शतकातच सांगितलं. पण तुम्ही त्यातलं एकच दिलंत, तरी हा उलटतपासणी करत नाही. जोडी जुळवायची आपणच.

लांब टांगा टाकायची हौसही आहे. वाटेतला चिंचोळा स्पंद ओलांडून गेला तरी त्याला पत्ता लागत नाही, म्हणून पावलाला मर्यादा घालून द्यावी.

आणि घड्याळ! वेगळं सांगितलं नाही तर प्रत्येक खेपेला कण शून्य वाजताच निघतो. सर्नच्या एलएचसी या कणत्वरकातल्या त्वरक पोकळ्या ४०० मेगाहर्ट्झवर चालतात, तिथे एक हेलकावा अडीच नॅनोसेकंदांचा. एकाच जागेहून, एकाच वेगानं हजार प्रोटॉन सोडा, हजारांनाही हेलकाव्याचा तोच क्षण भेटेल. निघायच्या वेळा विखरून दिल्या, की कुणी वेग घेतो, कुणी मागे पडतो, आणि खऱ्या यंत्राची चाल दिसू लागते.

याच्या सहवासात एक चांगली सवय लागते. कुणी विचारलं, “क्षेत्र किती?” की तोंडून आधी निघतं, “केव्हाचं?”