कोसभर पलीकडचा परदेश

आग्रा-मुंबई रस्त्यानं महू मागे टाकलं की वीस-बावीस किलोमीटरवर मानपूर येतं. तिथून पुढे घाट उतरून रस्ता निमाडात, नर्मदेकडे जातो. आज इंदूर जिल्ह्यातली एक छोटी नगर परिषद आणि दिवाळीच्या सुमारास रस्त्याकडेला दिसणाऱ्या सीताफळांच्या टोपल्या, एवढीच या गावाची ओळख उरली आहे. १९०८ सालच्या इंपीरियल गॅझेटिअरमध्ये मात्र मानपूर हा 'ब्रिटिश परगणा' आहे. भोवती संस्थानं आणि मधे इंग्रजांचं हे बेट. माळव्याचा नकाशाच तसा होता. होळकरांचं इंदूर, पवारांचं धार आणि देवास, शिंद्यांचं ग्वाल्हेर, सगळ्यांचे तुकडे एकमेकांत अडकलेले. मानपूरच्या माणसाला परदेशात जमीन घ्यायला बोट लागत नव्हती, बैलगाडी पुरत होती.

कायदाही त्या जमिनीला परदेशच मानायचा. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरचं न्यायालय म्हणजे परकीय न्यायालय. त्यामुळे इंदूरचं न्यायालय मानपूरच्या लेखी परकीय होतं. जमिनीचा दावा जमीन जिथे असेल तिथेच चालायचा. होळकरी हद्दीतल्या शेतावरून भांडण झालं तर इंग्रजी कचेरीत कितीही खेटे घाला, उपयोग शून्य. ज्या राज्यातली जमीन त्याच राज्याचा स्टँप, त्याचीच रजिस्ट्री, त्याचाच अंमलदार.

आमच्या आजोबांच्या तोंडून या व्यवहारांच्या गोष्टी ऐकताना मजा वाटायची. पणजोबांनी होळकरी हद्दीत काही बिघे घेतले, तेव्हा सौद्यातलं पहिलं भांडण म्हणे नाण्यावरून झालं. त्या काळी संस्थानचा हाली रुपया वेगळा आणि इंग्रजांचा कलदार वेगळा, दोघांचा भाव रोज हलणारा. कागदावर नुसतं 'रुपये' लिहिणारा मनुष्य भोळा ठरायचा. 'रुपये कलदार' असं स्पष्ट लिहून घेतल्याशिवाय पणजोबांनी बयाणा काढला नाही. दुसरी अडचण लिपीची. होळकरी दप्तर मोडीत, इंग्रजी कचेरीचे कागद इंग्रजीत. मग दोन्हीकडचं वाचणारा एखादा अर्जीनवीस गाठायचा, त्याला जेवायला घालायचं आणि खतातला शब्द न् शब्द मोठ्यानं वाचून घ्यायचा. वाचताना घरातली बायकामाणसंसुद्धा दाराआड बसून ऐकत. पुढे वाद निघाला तर आठवायला जास्त कान हवेत, हा त्यामागचा हिशेब.

पण खरी खबरदारी कागदाच्या आधीच घेतलेली असायची. खत करण्यापूर्वी शेताच्या चारी बाजूंच्या शेजाऱ्यांकडे जाऊन बसायचं. पूर्वेला कोणाची विहीर, पश्चिमेला कोणाची मेर, वाट कुठून, नाल्याचं पाणी कोणाचं. विकणाऱ्याचे भाऊबंद किती, त्यातला एखादा रुसून निमाडात तर गेलेला नाही ना, घरात कोणी विधवा काकू हक्क राखून आहे का. सावकाराकडे शेत गहाण आहे का, हे शेजारी नक्की सांगायचा, कारण सावकाराचा माणूस त्याच्याच बांधावरून यायचा. साक्षीदार तर दोन्ही हद्दींतले घेतलेले. एकानं हद्द ओलांडून तोंड लपवलं तर दुसरा हाताशी असावा म्हणून.

महूच्या छावणीतल्या बंगल्यांची गोष्ट निराळी. तिथले कितीतरी बंगले ओल्ड ग्रँटचे: वरचं बांधकाम आपलं, खालची जमीन सरकारची. पारशी, मारवाडी, मराठी घराण्यांनी ते बंगले हौसेनं घेतले, पिढ्यान् पिढ्या त्यांत राहिले, पण जमिनीची मालकी कधीच त्यांच्याकडे आली नाही. आजोबा या बंगल्यांकडे बोट दाखवून म्हणायचे, "घर बघून भुलू नये, खालची माती कोणाची ते विचारावं."

मग राज्यं गेली. २८ मे १९४८ रोजी मध्यभारत झाला, १९५१ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहिता विलीन संस्थानांच्या मुलखातही लागू झाली, १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश आला. मानपूरहून इंदूरला जाताना वाटेत परदेश उरला नाही. माझं लहानपण या निवांत काळातलं. जमीन घ्यायची म्हणजे पटवारी, खसरा, रजिस्ट्री आणि नामांतरण, बस्स. परदेशातलं घर हा विषय घरात निघतच नसे. १ जानेवारी १९७४ पासून परकीय चलनाच्या नियमनाचा फेरा कायदा आला, आणि त्याच्या २५ व्या कलमानं रिझर्व्ह बँकेच्या परवानगीवाचून भारतातल्या रहिवाशाला बाहेर जमीनजुमला घ्यायची मुभाच ठेवली नाही. अमेरिकेला गेलेला चुलतभाऊ पत्रातून घराचा फोटो पाठवायचा. तो फोटो आम्ही शोकेसमध्ये लावायचो. त्या घराचे कागद कसे असतात, असा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही.

आज तोच प्रश्न इंदूरच्या मराठी घरांत जेवणाच्या ताटावर येऊन बसला आहे. २००० साली फेरा जाऊन फेमा आला. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं माणशी वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर पाठवायची सोय दिली, ती वाढत वाढत आता आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर झाली आहे. पुतणी दुबईत, भाचा डॅलसला, शेजारणीचा मुलगा लंडनला. मुलं म्हणतात, "काका, थोडे पैसे तुम्हीही घाला, भाडं येईल." दुबईच्या सदनिका विकायला माणसं थेट आपल्या शहरात येतात, चहा-समोसा देतात आणि चकचकीत पुस्तिका हातात ठेवतात. पणजोबांना चार दिवस गाडी जुंपून जे फिरावं लागलं, ते फोनवरच्या एका व्हिडिओत उरकतं. उरकलं असं वाटतं, हाच त्यातला धोका.

कारण प्रश्न पणजोबांचेच आहेत, उत्तर देणारी माणसं तेवढी बदलली. दुबईत परक्या माणसाला संपूर्ण मालकी हवी तर ती २००६ च्या सातव्या कायद्यानुसार नेमून दिलेल्या भागांतच मिळते. सदनिका त्या भागात आहे ना, हे बघणं म्हणजे हद्द बघणं. इमारत अजून उभी नसेल तर २००७ च्या आठव्या कायद्यानुसार गिऱ्हाइकाचे पैसे बिल्डरच्या खिशात नव्हे, प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यात जायला हवेत. प्रकल्प दुबईच्या जमीन विभागाकडे नोंदलेला आहे का, खात्याचा क्रमांक कोणता, हे विचारल्याशिवाय बयाणा पाठवू नये. शिवाय नोंदणीचे ४ टक्के बाजूला काढून ठेवावेत. ते पुस्तिकेत बारीक अक्षरात असतात.

अमेरिकेत शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसायची सोय नाही. तिथे टायटल कंपनी जुन्या नोंदी चाळते, घरावर कोणाचं कर्ज, कोणाचा कर थकलाय ते काढते आणि पुढे काही निघालंच तर विमा भरपाई देतो. चार शेजाऱ्यांचं काम एक पगारी अनोळखी मनुष्य करतो. मला पहिल्यांदा हे रूक्ष वाटलं. मग लक्षात आलं, आपल्या शेजाऱ्यांनीही कधी विकणाऱ्याच्या भिडेखातर तोंड मिटलेलं असायचं, आणि ते मिटलेलं तोंड कोणी विम्यानं भरून देत नव्हतं.

लंडनमध्ये महूचा बंगलाच भेटतो. तिथले बहुतेक फ्लॅट लीजहोल्डचे. खालची जमीन दुसऱ्याची, आपली मुदत तेवढी आपली. मुदत ८० वर्षांच्या खाली गेली की ती वाढवून घेणं आजवर महागात पडत आलं आहे. म्हणून तिथे खिडकीतून दिसणाऱ्या उद्यानाआधी लीजची उरलेली वर्षं मोजायची. आजोबांचं मातीबद्दलचं वाक्य मी शेजारणीच्या मुलाला ऐकवलं, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "सॉलिसिटरनं पण हेच सांगितलं, फक्त बिल लावून."

एक गोष्ट मात्र पणजोबांच्या काळात नव्हती. तेव्हा संशय विकणाऱ्यावर घ्यायचा. आता स्वतःच्या कागदांवरही घ्यावा लागतो, कारण दोन देशांचे कायदे एकाच वेळी खरेदीदाराकडे बघत असतात. पैसे बँकेतून रीतसर ए-२ फॉर्म भरूनच जायला हवेत, हवाल्यानं किंवा कोणाच्या दुबईतल्या खात्यातून उसने नकोत. वर्षाला १० लाखांवर रक्कम गेली की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस वसूल करते. तो पुढे आयकरात वळता होतो, पण तोपर्यंत पैसा अडकतो. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा राहिला तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाखांचा दंड आहे. घर स्वच्छ पैशानं घेतलं असलं तरी.

आणि मरणाचा विचार. जुन्या लोकांना तो करायची लाज नव्हती, आपल्याला आहे. जमिनीचा वारसा जमीन असते तिथल्या कायद्यानं चालतो. भारतात राहणाऱ्या बापानं स्वतःच्या नावावर डॅलसला घर घेतलं आणि तो गेला, तर अमेरिकेच्या वारसा करात त्याला सूट फक्त ६० हजार डॉलरची, वरच्या रकमेवर कर ४० टक्क्यांपर्यंत चढतो. दुबईत मृत्युपत्र न करता गेलेल्या परक्या माणसाच्या वारसांना कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. तिथे बिगरमुस्लिमांना मृत्युपत्र नोंदवायची वेगळी सोय आहे, ती खरेदीच्याच आठवड्यात वापरावी. शिवाय नाव. आपल्या माळव्यातल्या जुन्या कागदांवर नावापुढे 'राव' असतं, पासपोर्टवर नसतं. तिकडचा कारकून त्याला दोन माणसं समजतो.

परक्याची व्याख्या दरवेळी कायदाच करतो, अंतर नव्हे, हे मानपूरच्या जुन्या नकाशानं मला शिकवलं. कॅनडानं १ जानेवारी २०२३ पासून परक्यांच्या घरखरेदीवर बंदी आणली आणि ती २०२७ पर्यंत वाढवली. ऑस्ट्रेलियानं एप्रिल २०२५ पासून दोन वर्षं परक्यांना तयार घरं घेणं बंद केलं. त्याचं वाईट वाटून घेण्याआधी आपल्याकडे बघावं. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भूराजस्व संहितेत, १६५(६) कलमाखाली, आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीवाचून आपण घेऊ शकत नाही, आणि अधिसूचित भागात तर मुळीच नाही. मानपूरच्या परिसरात हे कलम ठाऊक नसलेला खरेदीदार पैसे घालवून बसतो. आमच्या डॅलसच्या भाच्यानं आता अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय. परदेशस्थ भारतीयांच्या ओसीआय कार्डावर त्याला इंदुरात फ्लॅट घेता येईल, पण पणजोबांच्या शेतालगतचं शेत विकत घेता येणार नाही. ओसीआय कार्ड असलं तरी शेतजमीन खरेदी बंद, फक्त वारसानं येऊ शकते.

ज्या हद्दीपलीकडे पणजोबा कलदार मोजून जमीन घेऊन आले, त्याच हद्दीत आज त्यांचा खापरपणतू कायद्यानं परका आहे. जुनं चांगलं आणि नवं वाईट, असं मला यातून म्हणायचं नाही. तेव्हा माणसं ओळखीची होती आणि कायदा विस्कळीत. आता मध्य प्रदेश सरकारच्या संपदा २.० पोर्टलवर रजिस्ट्री घरबसल्या होते, पण बांधावरच्या शेजाऱ्याचं नाव घेणाऱ्याला ठाऊक नसतं. भाच्याला मी एवढंच सांगितलं: तिकडे विकणाऱ्याच्या वकिलापेक्षा वेगळा, तुझा स्वतःचा वकील धर, पैसे त्याच्यामार्फत दे. आणि इकडे सुट्टीत आलास की एकदा शेतावर चल. खसऱ्यात नाव चढायच्या आधी चारी शेजाऱ्यांना तुझं तोंड ठाऊक असू दे. त्यानं विचारलं, "मामा, त्यानं कायद्यात काय फरक पडतो?" म्हटलं, "कायद्यात काही नाही. पण उद्या कोणी मेर सरकवली तर तुला फोन कोण करणार?"