तीन पौर्णिमा आणि दुकानाची पानं



आषाढी पौर्णिमा होऊन आठवडा झाला असेल. नागपूरहून एका काकूंचा फोन आला. काकू व्रती आहेत, सोधाचंच जेवतात. आमच्याकडून मागवलेलं गव्हाचं पीठ त्यांच्या सुनेने पाचव्या दिवशी मळायला घेतलं. काकूंनी पाकिटावरची दळणाची तारीख पाहिली आणि तिला थांबवलं. सून म्हणाली, "आई, यांच्या दुकानात तर सात दिवस लिहिलंय!"

काकू रागावल्या नाहीत. "बेटा, तुझ्याकडे काय लिहिलंय ते एकदा बघून घे," एवढंच म्हणाल्या. मला मात्र घास गेला नाही.

तुम्हाला माहीतच आहे, पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३. ऋतू बदलतात ते अष्टाह्निकेच्या पौर्णिमांना: कार्तिक, फाल्गुन, आषाढ. मी फाल्गुनात ७ चे ५ केले होते, आषाढात ५ चे ३. मग सात आले कुठून?

खापरखेड्यात बसून, घरच्या चक्कीवर दळून पीठ विकायचं म्हणून आम्ही महिन्याचं भाडं भरून ऑनलाइन दुकान घेतलं. तिथे वस्तूंची पानं वेगळी आणि माहितीची पानं वेगळी असतात. मी दुरुस्ती केली ती फक्त पिठाच्या पानावर. शोधलं तर तेच वाक्य आणखी तीन ठिकाणी निघालं: 'नेहमीचे प्रश्न' या पानावर, पहिल्या पानाच्या पट्टीवर आणि ऑर्डर झाल्यावर आपोआप जाणाऱ्या निरोपात. सगळं हिवाळ्यात, दुकान उघडलं तेव्हा उत्साहाने लिहिलेलं.

फाल्गुनापासूनच्या सगळ्या ऑर्डरी काढल्या आणि एकेकीला फोन करून चूक सांगितली. दोन दिवस गेले. दोघींनी पुन्हा मागवलं नाही, तो त्यांचा हक्क.

दशलक्षणात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय वाचतो. सातव्यात सत्याणुव्रताचे पाच अतिचार येतात, त्यांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटं लिहिणं. मला वाटायचं हे खोट्या हिशेबवह्या लिहिणाऱ्यांसाठी. माझ्या मनात कपट नव्हतं. पण माझं लिहिलेलं वाचून कुणाचं व्रत मोडू शकत होतं, आणि वाचणाऱ्याला माझं मन दिसत नाही, पान दिसतं.

सरकारी नियमाने ऑनलाइन दुकानात निव्वळ वजन, किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता दाखवावाच लागतो. २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांत ही ऑनलाइनची अट २०१८ पासून लागू झाली. मात्र पॅकिंगचा महिना-वर्ष पानावर दाखवण्याची सक्ती त्यात नाही, तो पाकिटावर असला की झालं. आपल्याला तेवढ्यावर भागत नाही. आपल्या घरात आधी दळणाची तारीखच विचारतात.

आता मी असं करते. मर्यादा एकाच पानावर लिहिली आहे. बाकी सगळीकडे आकडा नाही, "मर्यादा इथे पाहा" एवढंच आणि त्या पानाचा दुवा. त्या पानावर "अमुक पौर्णिमेपासून लागू" असं लिहिते, म्हणजे जुनं राहिलं तर वाचणारीलाच कळेल. पुढच्या ऋतूचा मजकूर आधीच लिहून, प्रसिद्ध न करता ठेवून देते. नवीन वस्तूचं पान जुन्याची नक्कल करून बनवत नाही. तिखटाचं पान पिठावरून उचललं होतं, त्यात "धुऊन वाळवलेला गहू" तसाच राहिला होता! आणि बदल केल्यावर मोबाइलवरून, गिऱ्हाईक म्हणून, एक ऑर्डर शेवटपर्यंत नेऊन बघते. निरोप काय येतो ते तेव्हाच कळतं.

स्वयंपाकघरात आपण डबा घासल्याशिवाय नवं पीठ भरत नाही. दुकानाचं पान मात्र एकदा भरलं की विसरतो.

तुमच्यापैकी कितीतरी जणी पापड, मसाले, लोणची ऑनलाइन विकता. आज सवड काढून आपल्याच दुकानाचं एकेक पान वाचा. कालदर्शिकेवर मी तिन्ही पौर्णिमांना खूण केली आहे. अभिषेक-पूजा झाली की आधी दुकान उघडते, मग चक्की.

काकू अजून आमचंच पीठ घेतात. आता सून आधी तारीख बघते, मग पान.