जाळ्याला काय कळतं?

मूल अडीच वर्षांचं झालं तरी हाक मारल्यावर वळून पाहत नाही. कान तपासून झाले, तिथं काही दोष नाही. ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून सासूबाईंनी धीर दिलेला असतो. मग कधीतरी डॉक्टर ‘स्वमग्नता’ हा शब्द उच्चारतात आणि आई विचारते, ‘मेंदूचा फोटो काढून नक्की सांगता नाही येणार?’

नाही येत. ना रक्ताची तपासणी, ना एमआरआयमध्ये दिसेल असा एखादा डाग. मुलाचं वागणं-खेळणं पाहून, आईबापांना खोदून खोदून विचारूनच निदान होतं.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये सारा पॅरिसो आणि सहकाऱ्यांनी हे काम संगणकाला देऊन पाहिलं. २०१८ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. मेंदूचे शंभरावर भाग कल्पायचे. ज्या दोन भागांतला रक्तातला प्राणवायू एका तालात वरखाली होतो, ते जोडलेले मानायचे. गंमत पुढेच आहे. त्यांनी माणसांचंही जाळं विणलं! एकेक माणूस म्हणजे एक ठिपका. तपासणीचं ठिकाण एक, दोघंही पुरुष किंवा दोघीही स्त्रिया, मेंदूंची चाल मिळतीजुळती, की मधली रेघ जाड. ‘ग्राफ न्यूरल नेटवर्क’मध्ये प्रत्येक ठिपका शेजाऱ्यांची खबर आपल्या खबरीत मिसळून घेतो, मग निकाल लागतो. मुरलेले डॉक्टरही नवा रुग्ण पाहताना जुने आठवतातच की.

८७१ जणांची माहिती होती, त्यांतले ४०३ स्वमग्न. संगणकाचं उत्तर ७०.४ टक्के वेळा बरोबर आलं. आकडा भारी वाटतो खरा. पण डोळे मिटून सगळ्यांना ‘स्वमग्नता नाही’ म्हटलं असतं तरी ५४ टक्के उत्तरं बरोबरच ठरली असती. शिवाय दहांतली तीन चूक, आणि ती तीन घरं कुणाची? बरं, बरोबर काय नि चूक काय, हेही संगणक शिकला तो डॉक्टरांनी आधीच केलेल्या निदानावरून.

ही माहिती सतरा ठिकाणांहून गोळा झाली होती. मूळ माणसं १,११२, वयं साधारण सात ते चौसष्ट. चित्रांची प्रत पारखून त्यांतली ८७१ घेतली. यंत्राच्या नळकांड्यात, त्या खडखडाटात, डोकं जराही न हलवता कित्येक मिनिटं पडून राहावं लागतं. ज्या मुलाला ते जमत नाही, त्याचं चित्र मुळात नीट निघतच नाही.