कडा तिथेच असतो

शेफील्डहून मँचेस्टरकडे जाणाऱ्या रेल्वेने हॅदरसेजला उतरलात की वर स्टॅनेजचा कडा दिसतो. सुमारे ६ किलोमीटर लांब! पायथ्याशी जात्यांसाठी घडवलेले गोल दगड अजून पडून आहेत.

इथल्या खरखरीत वालुकाश्मावर कायमचे बोल्ट ठोकत नाहीत. आधाराची साधनं तुम्हीच फटीत बसवायची, त्यात दोर अडकवायचा आणि पुढे चढायचं. पण आघाडीवर जायची घाई करू नका. आधी हेल्मेट घालून अनुभवी प्रशिक्षकाच्या मागून चढा. त्यांनी बसवलेले नट आणि कॅम काढताना ते का टिकले, हे बोटांना कळतं. मग जमिनीवरच उभं राहून स्वतः बसवा, जोरात ओढून पाहा.

शेवटच्या आधारापासून २ मीटर वर असताना हात सुटला, तर किमान ४ मीटर खाली याल. म्हणून पहिली वाट सोपीच निवडा. गंमत म्हणजे, इथे ‘व्हेरी डिफिकल्ट’ ही श्रेणीही नवशिक्यांची!

माथ्यावर पोचलात की जोडीदाराला दोराने सांभाळत वर घ्या. येताना तो सगळी साधनं काढून आणतो. कडा होता तसाच राहतो. आणि आज भीती वाटून अर्ध्यावरून परतलात, तरी लाजू नका. कडा उद्याही तिथेच असेल.